मानसी बुटीकची मापं

"काका, आमची गिऱ्हाइकं आणखी कोणाला दिसणार?" मैत्रिणींनी 'हे सॉफ्टवेअरवाल्याला विचारून दाखवच' म्हटलं होतं, म्हणून विचारलंच.

सॉफ्टवेअर विकायला आलेले काका हसले. "कोणालाच नाही, बाळा."

"दहावीत आहे, पण वकिली आत्तापासूनच," बाबा म्हणाले. आईने शिवणकामातून एकेक करून जोडलेल्या बायकांची नावं, नंबर, मापं बाबा या काकांच्या हवाली करायला निघाले होते. त्यांचं बोट फोनवरच्या 'मान्य'वर टेकणारच होतं.

"आधी आतून कसं दिसतं ते दाखवा ना," मी म्हटलं.

काकांनी खुशीत लॅपटॉप फिरवला. "नाक्यावरच्या मानसी बुटीकचंच बघा." नावं, नंबर, कंबरेची मापंसुद्धा. आईने बाबांचं मनगट धरलं.

मी बाबांच्या हातातून फोन काढून घेतला. "आई, बाबा, उद्या हे काका आपल्या गिऱ्हाइकांची मापं तिकडे दाखवतील. हे सॉफ्टवेअर घ्यायचं नाही. दुसरं मी निवडणार."