सातची यवतमाळ गाडी

"मंग ह्या पियुषची नोकरी जाते का?" डोमाजींनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"जाईलच," लॅपटॉपवरून नजर न हलवता दीपा म्हणाली.

मुंबईच्या ज्या विमान कंपनीत ती होती, तिची परदेशात जाणारी विमानं गेले कित्येक महिने उशिरा सुटत होती. का, हे शोधायचं लचांड दीपाच्या गळ्यात पडलं होतं. सुट्टीत दारव्ह्याला घरी आली, तीही ते सोबत घेऊनच. कारणं नऊ सापडली होती. कुठल्या देशाचं आकाश बंद म्हणून लांबचा वळसा, येणारं विमानच उशिरा, वैमानिकांची ड्यूटी संपलेली, सुटा भाग मिळेना. पण साहेबांना कारणं नकोच होती. त्यांना संध्याकाळपर्यंत एक नाव हवं होतं. आणि नाव आयतंच सापडलं, विमानतळावरच्या गेटवरचा पियुष. धावत येणाऱ्या प्रवाशांसाठी हा बहाद्दर चार-चार मिनिटं दार उघडं ठेवायचा.

"चार मिन्टानं काय होते वं?"

"बाबा, एसटीत कंट्रोलर होते तुमी, अन् तुमीच असं म्हनता? वेळ म्हंजे वेळ! मी पाच वर्सं रोज सातच्या गाडीनं यवतमाळले कॉलेजात गेली. एक दिवस तरी गाडी चुकली का मायी?"

गॅसपाशी उभ्या प्रभावतीबाई फिसकन हसल्या. "काढा न जी तुमचे मेमो. पाहू द्या पोरीले."

डोमाजी नाही-नाही म्हणेपर्यंत त्यांनी कपाटातली पिशवी आणून लेकीच्या मांडीवर उपडी केली. सगळ्या मेमोंवर एकच मजकूर. 'सातची यवतमाळ गाडी सतत उशिरा सोडल्याबद्दल खुलासा करावा.' खाली डोमाजींचे खुलासे. टायरात हवा कमी. समोरची काच पुसणे. ड्रायव्हरला ठसका लागणे. पुन्हा टायरात हवा कमी.

दीपा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग सवयीनं तारखा लावायला बसली. दिवाळीच्या सुट्टीत एकही मेमो नाही. मे महिना तर अख्खा कोरा.

"बाबा, मे महिन्यात टायरात हवा पुरत होती का?"

डोमाजी वरच्या पंख्याकडे बघत राहिले.

पहिला मेमो तिनं अकरावीला ॲडमिशन घेतली त्या जुलैतला. शेवटचा ती बीएस्सी झाली त्या वर्षीचा. एक वेणी घातलेली, दुसरी सुटलेली, हातात डबा, अशी ती रोज कोपऱ्यावरून पळत यायची. गाडी उभीच असायची. कंट्रोलरच्या खिडकीत बाबा मान खाली घालून काहीतरी लिहीत असायचे. आपण वेळेवर पोचलो, असंच तिला रोज वाटायचं.

तिनं लॅपटॉपवरचं पियुषचं नाव पुसून टाकलं.

"आता साहेबाले काय लिहून देऊ?" तिचा आवाज ओला झाला होता.

डोमाजींनी पेपर तोंडापुढे धरला. "लिहून दे, टायरात हवा कमी."