नकाराचं कारण

गौरांगने आलूपोह्याची बशी हातात घेतली, चमचा फिरवला आणि बोलता बोलता ती तशीच टीपॉयवर ठेवून दिली. अकोल्यात त्याला सोलरचं शोरूम टाकायचं होतं. मग ते राहिलं बाजूला आणि शेगावच्या रस्त्यावर हॉटेल निघालं. हॉटेल उभं राहायच्या आत तो बोलण्यातच संत्र्याचा रस दुबईला पाठवू लागला.

अमरावतीच्या रुक्मिणीनगरातल्या त्या बैठकीत सगळे कौतुकाने ऐकत होते. देवश्रीच्या आईला तर पाहायला आलेला मुलगा एकदम पसंत पडला होता. देवश्री मात्र त्याच्या जबड्याकडे पाहत होती. बोलणं थांबलं की जबडा एका बाजूला सरकायचा, दातावर दात घासले जायचे. सर्दी नसताना तो सारखं नाक पुसत होता. खिडकीतलं दुपारचं लख्ख ऊन थेट तोंडावर येत होतं, तरी त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या अंधारात असाव्यात तशा मोठ्या झाल्या होत्या.

"आमचा गौरांग कामाले वाघ आहे," त्याची आई, कुंदाताई, सांगत होत्या. "दोन-दोन दिवस डोळ्याले डोळा लावत नाही. मग असा झोपते, की हलवलं तरी उठत नाही. जेवायची तर शुद्धच नाही राहत त्याले. दिवाळीचे शर्ट आत्ताच ढिले होऊन राहिले."

त्यांचे पती हरिहर अकोल्यात वकिली करत. ते हसले नाहीत. मुलाचा पाय सारखा हलत होता, तिकडे त्यांचं लक्ष होतं.

देवश्रीचा धाकटा भाऊ अनुप पाण्याचे ग्लास घेऊन आला. गौरांगसमोर तो क्षणभर थबकला, मग ट्रे ठेवून कोपऱ्यात जाऊन बसला आणि मान खाली घातली. यालाही दिसलं, देवश्रीच्या लक्षात आलं.

दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं.

"तुम्ही झोपले कधी शेवटचे?" तिने विचारलं.

तो हसला. "पोरगी पाहायले यायचं म्हटल्यावर झोप लागते काय कोणाले?"

"जबडा दुखत असेल ना?"

त्याचं हसू मावळलं.

"माझ्या भावाचा दुखायचा," ती म्हणाली. "आम्ही त्याला दातांच्या डॉक्टरकडे नेत होतो. तो नाकाने एमडीची, नशेची पावडर ओढत होता, अन् आम्ही समजत होतो, पोरगं रात्र रात्र अभ्यास करून राहिलं. चार लोकांत कौतुक सांगत होतो त्याचं."

गौरांगने कठडा धरला.

"कधी कधीच घेतो मी," तो म्हणाला. "लग्न झालं की सुटते. खाली सांगू नका. आईले सहन नाही होणार."

"अनुप म्हणायचा, परीक्षा झाली की सुटते."

ती खाली उतरली. मागोमाग तोही आला.

"आमच्याकडून तर होकार समजा," कुंदाताई म्हणाल्या. "बेटा, तुझं काय?"

देवश्रीला 'विचार करून कळवते' म्हणता आलं असतं. चार दिवसांनी बाबांनी फोनवर नकार कळवला असता आणि अनुपचं अनुपजवळ राहिलं असतं. तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, हे सख्ख्या मामालाही माहीत नव्हतं. देवश्रीने अनुपकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच लेकीला गप्प राहा म्हटलं.

"माझा नकार आहे, मावशी," देवश्री म्हणाली. "पण कारण न सांगता तुम्हाला परत पाठवणं बरं नाही."

"थांब ताई." अनुप उठून उभा राहिला. "तू माझं सांगशील. त्यापेक्षा मीच सांगतो." तो हरिहरांकडे वळला. "काका, हे जागणं, मग मेल्यासारखं झोपणं, हे दात, हे डोळे, यातून मी गेलो. एमडी होती. गौरांगदादाले आजच डॉक्टरले दाखवा. अन् आज त्याच्यावर ओरडू नका."

कुंदाताई ताडकन उठल्या. "तुमचं पोरगं बिघडलं म्हणून आमचंही बिघडलं काय? गौरांग, सांग यांना, असलं काही नाही म्हणून."

गौरांग खाली पाहत राहिला.

"सांग ना रे!"

त्याने नाक पुसलं. कुंदाताई पर्स उचलून थेट बाहेर गाडीत जाऊन बसल्या. त्यांच्यामागे गौरांग गेला.

हरिहर दारात चपला घालत रेंगाळले. देवश्रीचे बाबा त्यांना सोडायला आले होते.

"तुमाले कधी समजलं?" हरिहरांनी हळूच विचारलं.

"घरात सगळ्यांच्या मागून," बाबा म्हणाले. "पोरगा गाडीवरून पडला अन् दवाखान्यातून फोन आला, तेव्हा. तुम्हाला लवकर समजलं, वकीलसाहेब."

हरिहरांनी मान हलवली. गेटपर्यंत गेले आणि वळून त्यांनी अनुपला हाक मारली.

"बाबू, तुझे डॉक्टर इथंच आहेत काय, अमरावतीत?"

"हो काका. कॅम्प भागात."

"चल मग. रस्ता दाखव."

अनुपने आईकडे पाहिलं नाही. त्याने पायात चपला सरकवल्या आणि जाऊन गाडीचं मागचं दार उघडलं. कुंदाताईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं, पण शेजारच्या सीटवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.