पालथ्या वाट्या

नवव्या महिन्यातलं डोहाळजेवण ऐन रंगात आलं होतं. प्राजक्ताबाईंनी सुनेपुढे दोन पालथ्या वाट्या ठेवल्या. एकीखाली पेढा म्हणजे मुलगा, दुसरीखाली बर्फी म्हणजे मुलगी. ईरा वाटी उचलणार, तोच तिच्या पोटावरचा, बाळावर लक्ष ठेवणारा पट्टा बोलला, "नाळेतला रक्तप्रवाह मंदावतोय. बाळंतपण आजच करावं लागेल. अ‍ॅम्ब्युलन्स निघाली आहे."

"एक वाटी तरी उचलू दे तिला," प्राजक्ताबाईंच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

"राहू दे, वहिनी." प्राजक्ताबाईंनी सुनेला हात धरून उठवलं. त्यांचंही पहिलं डोहाळजेवण असंच थाटात झालं होतं. पोटातली हालचाल कमी झालेली गाण्यांच्या गलक्यात त्यांना स्वतःलाही कळली नव्हती. ते बाळ जन्मलं, पण रडलं नाही. तेव्हा असे पट्टे नव्हते.

निघताना त्यांनी ईराला हळदकुंकू लावलं आणि कुंकवाचं तेच बोट त्या पट्ट्यालाही टेकवलं.

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. "काय गं, पेढा की बर्फी?"

प्राजक्ताबाईंनी फोन पाळण्याजवळ धरला.

"ऐका वहिनी," त्या म्हणाल्या, "किती जोरात रडतंय."