जुना रिमोट

नवा टीव्ही भिंतीवर चढला तशी आईची चुळबुळ सुरू झाली. "जुन्याला काय धाड भरली होती?" तिने पुन्हा विचारलं. मुलगा मनातून धुमसत होता. नव्या टीव्हीचं नाव काढलं की ती विषय उडवून लावायची, म्हणून आज त्याने न विचारताच आणला होता.

त्याने चपटा, गुळगुळीत रिमोट तिच्या हातात ठेवला. "यावर आकडे नाहीत. पडद्यावर नावं येतात, त्यातलं हवं ते निवडायचं. सोपं आहे."

आईचा अंगठा रिमोटवरून फिरत राहिला. "माझा जुना दे बाबा."

"तो याला चालत नाही, आई!"

नुसतं चित्र बघूनच ती थक्क व्हावी म्हणून त्याने आवाज बंद ठेवून टीव्ही लावला. पडद्यावर रंगीबेरंगी मासे सळसळू लागले. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत थांबला.

"आणखी किती वेळ रे?" आई कंटाळून म्हणाली. "लाव की एकदाचा."

मुलाने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो हळूच तिच्या पायाशी बसला. "आई, कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं. जुन्याची बटणं बोटांना पाठ होती, म्हणून कुणाला कळलं नाही."