टीपॉयवरचा कुलवृत्तांत

ईशानीने लग्नासाठी पसंत केलेला चिनी मुलगा त्यांच्या आखातातल्या, अल नहदाच्या फ्लॅटवर आला, तेव्हा सदानंदरावांच्या ओठांवर नकार तयारच होता. टीपॉयवर त्यांनी मुद्दाम घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत मांडून ठेवला होता.

"आमच्या चौदा पिढ्या आहेत यात! तुमचं हे लिन आडनाव मूळ कुठलं?"

"बाबा, प्लीज!" ईशानी कळवळली.

मुलाने मात्र हसत फोनवर वंशावळ उघडली. "मूळचे हेनानचे. तिथून फुजियानला, मग पणजोबा पेनांगला गेले. माझी एक्केचाळिसावी पिढी."

सदानंदराव त्याचा फोन हातात घेऊन बोटाने नावं सरकवत राहिले. समोरचा चहा पार निवला.

मग ते लगबगीने स्वयंपाकघरात शिरले आणि बायकोच्या कानाशी लागले, "मृणालिनी, आपलं घराणं चालेल ना गं त्यांना?"