आठ वेळा सोडलेली दारू

पार्ल्याच्या लॅबमध्ये डॉ. क्षमाने काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. यकृताचा तुकडा होता. सोबतच्या चिठ्ठीत फिजिशियनने पेशंटच्या बायकोच्या सांगण्यावरून लिहिलं होतं: दारू, आठ वर्षं. पण दारूचं यकृत असं दिसत नाही. इथे साबुदाण्यासारख्या एकसारख्या गोल पेशी पुंजके करून बसल्या होत्या. कार्सिनॉइड. ही गाठ तिने एकाहत्तर साली पुस्तकात पाहिली होती, त्यानंतर पंधरा वर्षांनी आज.

रिपोर्ट न्यायला आलेल्या अण्णा तावड्यांना आणि वनमालाबाईंना तिने आत बोलावलं.

"अण्णा, तुमचा चेहरा अधूनमधून एकदम लालबुंद होतो का?"

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. "हिने सांगितलं?"

"नाही, काचेवर दिसलं. आतड्यातली दुर्मीळ गाठ आहे, यकृतात पसरलीय. तिच्यामुळे चेहरा लाल होतो. दारूचा काही संबंध नाही."

"तरी मी आठ वेळा सोडली."

"म्हणजे पीत होतात?"

"नाही हो. दर शिमग्याला ही गावी नेऊन देवासमोर नारळ ठेवायला लावायची. रोज भांडण्यापेक्षा सोडलेली बरी."

क्षमाने हसू आवरलं. "पण आठ वर्षांत एकदाही डॉक्टरला का नाही दाखवलंत?"

अण्णांनी बायकोकडे बोट दाखवलं.

"दर वर्षी म्हणायचे, आधी डॉक्टरकडे जाऊ या," वनमालाबाई पदराचं टोक चुरगाळत म्हणाल्या. "मला वाटलं, देवासमोर यायला घाबरतायत."