खरा दिवा

बर्फाच्या उतरत्या वाटेच्या तोंडाशी घसरगाडीवर धाकटी पुढे बसली आणि थोरली तिच्या पाठीला चिकटून मागे. गाडी सुटली की दोघी उताण्या होणार, धाकटी वर आणि थोरली तिच्याखाली. बहिणींत धाकटीच हाडापेराने थोराड, आणि या खेळात मोठ्या अंगाने वर निजायचं असतं. संघातली पोरं चिडवायची, "आईने हिला डोक्यावर बसवली आणि ताईने अंगावर घेतली."

खालचीला वाटेतलं काही दिसत नाही. वळण आलं ते वरचीच्या खांद्यांवरून ओळखायचं आणि पायांनी गाडी दाबायची. डोळे एकीचे, भरवसा दुसरीचा.

सकाळच्या सरावात गाडी उलटली होती. धाकटीचं हेल्मेट वाटेकडेच्या बर्फाच्या भिंतीवर आपटलं. डॉक्टरांनी विचारलं ते तिने पोपटासारखं सांगितलं, वर हसूनही दाखवलं. जेवताना मात्र तिने पाणी ग्लासच्या शेजारी ओतलं. "झोप झाली नाही गं," म्हणाली. थोरलीने टेबल पुसलं आणि विषय वाढवला नाही. वाढवायचा नव्हताच तिला. देशोदेशींच्या पोरांच्या या हिवाळी महोत्सवात पुढच्या खेपेला ती वयात बसणार नव्हती. कालच्या फेरीत दोघी तिसऱ्या होत्या. आजची नीट उतरली की पदक गळ्यात. हातातोंडाशी आलेला घास कोण टाकतं?

धाकटीने बर्फात रोवलेल्या दोन्ही बाजूंच्या कड्या धरल्या. तिच्या कोपरांना अडकवलेले पट्टे थोरलीच्या मुठीत आले. समोरचा दिवा हिरवा झाला की धाकटीने कड्यांवर जोर द्यायचा, थोरलीने पट्टे ओढून त्यात आपला जोर घालायचा. शेजारच्या घड्याळावरची वेळ संपायच्या आत सुटायचं, नाहीतर बाद.

"ताई," धाकटी मान न वळवता म्हणाली, "कुठला बघू? डावा की उजवा?"

"काय?"

"दिवा."

थोरलीने तिच्या खांद्यावरून पाहिलं. एक खांब, त्यावर एक दिवा.

"अगं, एकच तर आहे."

"ते माहितीये मला. त्यातला खरा कुठला, तेवढं सांग. खाली वळणावर मी तीच बाजू खरी धरते."

वळणावर हिला वाटा दोन दिसणार, भिंतीही दोन. ग्लासशेजारी सांडलेलं पाणी तिला आठवलं आणि स्वतःचीच शरम वाटली.

"कधीपासून?"

"पडल्यापासून. आता बोलू नकोस ना. प्रशिक्षक बघतायत."

दिवा हिरवा झाला.

धाकटीने अंग पुढे झोकलं. गाडी जेमतेम हातभर सरकली आणि थांबली. थोरलीने पाय बर्फात रोवले होते आणि पट्टे छातीशी घट्ट ओढून धरले होते.

"ओढ ना, ताई! उलटी काय ओढतेस?"

"उतर."

"तुझं शेवटचं वर्ष आहे! कळतंय का तुला?"

"कळतंय. उतर तू."

बाजूने प्रशिक्षक ओरडत होते. घड्याळ भराभर उतरत होतं. धाकटीने कोपरं झटकून पाहिली, शिव्या घातल्या, शेवटी रडायला लागली. थोरलीलाही रडू फुटलं, पण मुठी सुटल्या नाहीत.

घड्याळाचा भोंगा वाजला. धाकटीच्या अंगातला जोर एकदम गेला. ती मागे रेलली, आणि तिचं हेल्मेट थोरलीच्या खांद्यावर टेकलं.

"ताई," खांबाकडे बघत ती म्हणाली, "दोन्ही लाल झाले."